पहिल्या नेमणुकीच्या गावाचा निरोप

कोल्हापूर शहरापासून पश्चिमेला सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर वसलेले गगनबावडा हे जिल्ह्यातील बारा तालुक्यांपैकी सर्वांत कमी लोकवस्तीच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. २०११ च्या जनगणनेत या संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. एवढ्या लहान तालुक्याचा शासकीय सेवेच्या दृष्टीने एक विशेष मात्र आहे : प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, परिचारिका, कृषी सहायक, वैद्यकीय अधिकारी अशा अनेकांच्या नोकरीची सुरुवात येथे होते आणि त्यांपैकी बहुतेकांच्या नोकरीचा शेवट दुसरीकडे कोठेतरी होतो. त्याचे कारण भरतीच्या पद्धतीत आहे. सेवाज्येष्ठ कर्मचारी नियमानुसार मिळालेला हक्क वापरून सोयीच्या गावी जातात, त्यामुळे डोंगराळ भागातील पदे रिकामी राहतात आणि नवी भरती झाली की याच रिकाम्या जागा नवागतांच्या वाट्याला येतात. ज्या गावात एखाद्याला आयुष्यात पहिल्यांदा ‘गुरुजी’, ‘बाई’, ‘भाऊसाहेब’ किंवा ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली गेली, ते गाव सोडण्याचा प्रसंग या तालुक्यात दर काही वर्षांनी, दर वाडीवर घडतो. इतक्या वेळा घडणाऱ्या या प्रसंगाकडे प्रशासनाने एक नोंद म्हणून आणि गावाने एक समारंभ म्हणून पाहिले आहे. त्या दोहोंच्या मध्ये जे राहून जाते, त्याचा विचार फारसा झालेला नाही.

तो विचार करण्यासाठी आधी भूगोल समजून घ्यावा लागतो. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून दीड-दोन तासांच्या अंतरावरील गगनबावड्यात तो सरासरीने पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून घाटमाथ्याला अडतात आणि तेथेच रिते होतात, हे त्याचे कारण. गावाच्या पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या बाजूला जातो, आणि पावसाळ्यात दोन्ही घाटांत दरडी कोसळतात. मागे कोल्हापूरच्या बाजूला कुंभी नदी फुगली, की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक थांबते. पुढे दरड आणि मागे पूर अशा अवस्थेत जुलै-ऑगस्टमधील काही दिवस कर्मचाऱ्याला गावातच राहावे लागते. ‘मुख्यालयी राहणे’, म्हणजे नेमणुकीच्या गावीच वास्तव्य करणे, ही शासनाची जुनी अट आहे आणि तिच्या पालनाविषयीचा वादही तितकाच जुना आहे. परंतु गगनबावड्यात पाऊस ती अट आपोआप पाळायला लावतो. कोल्हापूर, कळे किंवा साळवणहून रोज ये-जा करणारा तरुण शिक्षक अशा दिवसांत कोणाच्या तरी सोप्यात झोपतो, कोणाच्या तरी चुलीवरची भाकरी खातो, आणि त्या काही दिवसांत त्याला गाव जेवढे कळते तेवढे एरवी वर्षभरातही कळत नाही.

पहिल्या नेमणुकीची आर्थिक बाजूही लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना लागू झाली, तेव्हापासून नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीवर नसतो. तो ठरावीक मानधनावर काम करतो आणि तीन वर्षे समाधानकारक झाल्यावर नियमित शिक्षक होतो. हे मानधन आरंभी महिना ३,००० रुपये होते, पुढे ते ६,००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० करण्यात आले. सर्वांत कमी पैसा, सर्वांत अवघड जागा आणि सर्वांत कमी अनुभव असे तिन्ही एकाच वेळी वाट्याला येणारा हा काळ असतो. द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार-पाच इयत्तांना मिळून दोनच शिक्षक असलेल्या शाळेत, एकाच खोलीत दोन-तीन वर्ग एकदम कसे चालवायचे हे अध्यापन पदविकेच्या पुस्तकात वाचलेले असले, तरी प्रत्यक्षात ते येथेच शिकावे लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यांनाही एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची अट असते आणि ती अनेकांना ग्रामीण भागात पुरी करावी लागते. त्यांची स्थिती वेतनाच्या बाबतीत बरी असली, तरी एकटेपणाच्या बाबतीत वेगळी नसते.

येथून जाण्याचे नियम गेल्या दोन दशकांत बरेच बदलले. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला आणि त्याने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरून बदल्या शक्यतो एप्रिल किंवा मे महिन्यातच कराव्यात असे ठरवले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र शासन निर्णय आहेत. त्यांपैकी २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयाने गावांची ‘अवघड क्षेत्र’ आणि ‘सर्वसाधारण क्षेत्र’ अशी विभागणी केली, अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा अधिकार दिला आणि सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षे झालेल्या शिक्षकाला बदलीस पात्र ठरवले. ७ एप्रिल २०२१ च्या निर्णयाने हे धोरण सुधारले. डोंगराळपणा, अतिवृष्टी, वाहतुकीच्या सोयीचा अभाव, दूरध्वनीचे जाळे न पोहोचणे, महामार्गापासूनचे अंतर अशा बाबी अवघडपणा ठरवताना विचारात येऊ लागल्या. बदलीची सारी प्रक्रिया संगणकावर आल्यामुळे वशिला, शिफारशी आणि पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवणे हे पुष्कळ कमी झाले, आणि हा लाभ मोठा आहे हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. घाटमाथ्यावरच्या वाडीत पाच-सात वर्षे अडकून पडलेल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाचीही ओळख नसलेल्या शिक्षिकेला या यंत्रणेने जो न्याय दिला, तो जुन्या पद्धतीत तिला मिळाला नसता.

प्रत्यक्ष जाण्याची कृती मात्र कागदांवर चालते. बदलीचा आदेश आला की वरिष्ठ अधिकारी कार्यमुक्तीचा आदेश देतात, म्हणजे अमुक दिवशी कामकाज संपल्यावर कर्मचाऱ्याला त्या पदाच्या जबाबदारीतून मोकळे करतात. त्यानंतर ‘चार्ज देणे’ होते. शाळेच्या बाबतीत मुलांच्या दाखल-खारीज नोंदींचे जनरल रजिस्टर, हजेरीपट, टेबल-खुर्च्यांपासून घंटेपर्यंत टिकाऊ वस्तूंची यादी असलेले डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि त्याची वही, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे अभिप्राय असलेले शेरेबुक, बँकेचे पासबुक, कपाटाच्या किल्ल्या असे सारे यादीवार मोजून घेणाऱ्याच्या हवाली केले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. पुढे अंतिम वेतन प्रमाणपत्र, म्हणजे येथे शेवटचा पगार कोणत्या तारखेपर्यंत व किती दिला हे सांगणारा दाखला, नव्या कार्यालयाकडे जातो. घर हलवावे लागत असेल, तर तयारीसाठी आणि प्रवासासाठी काही दिवसांचा पदग्रहण अवधी मिळतो, आणि नव्या ठिकाणी रुजू अहवाल दिला की एक वर्तुळ पुरे होते.

फ्रेंच लोकसंस्कृती-अभ्यासक आर्नॉल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तेव्हाच्या विधींचे तीन टप्पे सांगितले : आधीच्या समूहापासून विलग होणे, काही काळ उंबरठ्यावर असणे आणि नव्या समूहात सामावले जाणे. लग्न, दीक्षा, अंत्यविधी यांना लागू पडणारी ही मांडणी कार्यमुक्ती, पदग्रहण अवधी आणि रुजू होणे या तीन पायऱ्यांना सहज लागू पडते. फरक इतकाच, की विधीत ज्या समूहापासून माणूस विलग होतो तो समूह त्या वेळी समोर उपस्थित असतो. शाळेच्या बदलीत तसे बहुधा घडत नाही. बदल्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. मे महिन्यात शाळा बंद, मुले आजोळी किंवा करवंदे-जांभळांच्या मागे रानात, आणि शिक्षक पंचायत समितीतून आदेश घेऊन परस्पर नव्या गावी रुजू झालेला. जूनच्या मध्यात पावसाबरोबर शाळा उघडते तेव्हा पहिलीतून दुसरीत गेलेल्या मुलाला वर्गात दुसराच माणूस दिसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला या बदलाचे कारण कोणी सांगत नाही, आणि ते त्याला सांगितले पाहिजे याची आठवणही प्रौढांना राहत नाही.

या अडचणीवर जपानने शोधलेला उपाय अभ्यासण्याजोगा आहे. तेथेही सरकारी शाळांतील शिक्षकांच्या काही वर्षांनी बदल्या होतात, त्या मार्चअखेर, म्हणजे नवे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होण्याच्या तोंडावर जाहीर होतात, आणि ते दिवस वसंताच्या सुट्टीचे असतात. तरीही अनेक शाळांत ‘रिनिन-शिकी’ नावाचा निरोपाचा कार्यक्रम ठरलेला असतो. काही ठिकाणी मुलांना त्यासाठी सुट्टीतून एक दिवस शाळेत बोलावतात, काही ठिकाणी बदलून गेलेले शिक्षक एप्रिलमध्ये त्यासाठी जुन्या शाळेत येतात. जाणारा शिक्षक मुलांसमोर बोलतो, मुले त्याच्यासमोर बोलतात. निरोप हा मुलांचाही हक्क आहे, असे या प्रथेत गृहीत धरलेले आहे. गगनबावड्यासारख्या तालुक्यात, जिथे एखाद्या धनगरवाड्यावरील मुलाच्या दृष्टीने शिक्षक हाच बाहेरच्या जगातला पहिला ओळखीचा माणूस असतो, तेथे या हक्काचे मोल अधिक आहे.

आपल्याकडचा निरोप समारंभ मोठ्यांचा असतो आणि त्यालाही स्वतःची शोभा आहे. शाळा व्यवस्थापन समिती पुढाकार घेते, सरपंच अध्यक्ष होतात, बायका औक्षण करतात, शाल-श्रीफळ दिले जाते, कोल्हापुरी फेटा बांधला जातो, आणि निघताना गाडीत नाचणीची किंवा नव्या तांदळाची पिशवी कोणीतरी मुकाट्याने ठेवते. शासनाचे नियम येथेही येतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेले १९६७ चे वर्तणूक नियम कर्मचाऱ्याने भेटवस्तू आणि जाहीर मानसन्मान स्वीकारण्यावर मर्यादा घालतात. मात्र बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा खाजगी व अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ १९७९ च्या नियमांना मान्य आहे. अशा समारंभासाठी कोणावर वर्गणीची सक्ती करता येत नाही. नियम करणाऱ्यांनी केलेला हा भेद सुज्ञपणाचा आहे. सत्तेला दिलेली भेट आणि मायेने दिलेली पिशवी यांतील अंतर कायद्याच्या भाषेत पकडणे कठीण असते, आणि तरीही माणसाला माणसाचा निरोप घेण्यापुरती जागा तेथे मोकळी ठेवलेली आहे.

समारंभात भाषणे होतात, चार्जच्या यादीवर सह्या होतात, पण या दोन्हींत एक गोष्ट सुटते, आणि तीच खरी मोलाची असते. तीन वर्षांत त्या कर्मचाऱ्याने जे जाणले ते कोणत्याच वहीत नसते. कोणत्या ओढ्याला पाणी चढले की वरच्या वाडीची मुले घरी सोडायची असतात. रोपलागणीच्या पंधरवड्यात, म्हणजे भाताची रोपे लावण्याच्या दिवसांत, कोणत्या घरची मोठी मुलगी धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहते आणि तिच्या आईशी कोणत्या वेळी बोलले तर ती शाळेत येते. कोणाच्या शेतात गवे उतरले आहेत आणि त्यामुळे त्या बाजूची मुले सकाळी उशिराच येणार. बेंदराच्या दिवशी हजेरी का घसरते. मुक्कामाची एसटी चुकली तर कोणाच्या घरी हक्काने जाता येते. कोणत्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही आणि तो ते सांगत नाही. छताचा कोणता पत्रा पहिल्या वादळात उडतो. दप्तर, म्हणजे शाळेचे कागदपत्र, बुरशीपासून वाचवण्यासाठी कपाटाच्या कोणत्या कप्प्यात ठेवावे. ग्रामसेवकाकडे अशीच दुसरी यादी असते : कोणत्या विहिरीचे पाणी एप्रिलनंतर पिण्याजोगे राहत नाही, कोणत्या दोन भावकींना एका सभेत बोलावण्याआधी स्वतंत्रपणे भेटावे लागते. परिचारिकेकडे तिसरी असते, आणि तिच्या यादीतील एखादी बाब सुटली तर एखाद्या बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकते. हे ज्ञान मिळवायला नवागताला पुन्हा तीन वर्षे लागतात, आणि ते हाती आले की त्यालाही बदली मागण्याचा अधिकार प्राप्त झालेला असतो. दुर्गम तालुक्यांतील सेवा वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा आरंभापाशीच येते याचे एक मोठे कारण येथे आहे, आणि ते केवळ रिक्त पदांच्या आकड्यांत शोधून सापडणार नाही.

अनुभव पुढच्याच्या हाती देण्याची गोष्ट गगनबावड्याला नवखी असू नये, कारण मराठी राज्यकारभारातील अशा प्रयत्नांपैकी सर्वांत थोर प्रयत्नाशी या गावाचे नाते आहे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर, आणि या घराण्याचे थोर पुरुष रामचंद्र नीलकंठ अमात्य यांची कारकीर्द शिवछत्रपतींच्या काळात सुरू झाली. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अष्टप्रधानांत अमात्यपदी होते. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा मागे राहून महाराष्ट्रातील लढा सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि हुकुमतपन्हा हा किताब त्यांना मिळाला. ज्या दरबारात त्यांची सेवा सुरू झाली तो दरबार, ती राजधानी आणि ते सहकारी त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. उत्तरायुष्यात, १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी महाराज असताना सिद्ध झालेले ‘आज्ञापत्र’ परंपरेने त्यांच्याच नावावर आहे. त्यात राजनीतीची तत्त्वे आहेत, पण त्याहून अधिक लक्षात राहतो तो व्यवहाराचा बारकावा : आरमारासाठी लाकूड लागले, तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, कारण ती वाढायला वर्षे जातात, किल्ल्यावरील अधिकारी ठरावीक वर्षांच्या अंतराने बदलावेत, म्हणजे एका जागी कोणाचे हितसंबंध मुरणार नाहीत. बदलीचे तत्त्व आणि अनुभव लिहून ठेवण्याचे तत्त्व ही दोन्ही एकाच ग्रंथात शेजारी असावीत, याला मोठा अर्थ आहे. माणसे हलवायची असतील, तर त्यांना कळलेले मागे ठेवण्याची सोय राज्याला करावीच लागते. आजच्या व्यवस्थेने यांतील पहिला अर्धा भाग नेटाने राबवला आणि दुसरा सोडून दिला.

पहिली जागा सोडताना मन का गुंतते, याचे उत्तर मानसशास्त्राने काही अंशी दिले आहे. उतारवयातील माणसांना आयुष्यातील घटना आठवायला सांगितल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळापेक्षा ठळकपणे अधिक येतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. स्वतःची ओळख घडवणारे प्रसंग याच वयात प्रथमच घडतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण मानले जाते. पहिली नेमणूक नेमकी या काळात येते. पुढे पदोन्नती होते, केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी होऊन तीस-चाळीस शाळा पाहिल्या जातात, तरी वर्गात उभे राहण्याची जी रीत पहिल्या दोन खोल्यांत बसली ती सहसा बदलत नाही. तिसंगी, असळज, निवडे, शेणवडे, पळसंबे ही गावे म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात त्यांच्या आकाराच्या मानाने फार वेळा येतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीने हा विषय मराठी साहित्यात अढळ करून ठेवला आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर नव्याने आलेला तरुण मास्तर हळूहळू त्या वाडीचा होतो, आणि अखेर दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. निरोपाची नेहमीची दिशा येथे उलटी झालेली आहे : गाव आधी जाते, मास्तर मागे राहतो आणि नंतर निघतो. कोरड्या माणदेशात दुष्काळाने जे घडवले, ते अतिवृष्टीच्या घाटमाथ्यावर आता दुसऱ्या मार्गाने घडू लागले आहे. कामासाठी कुटुंबे कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जातात, पट घटतो, आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव येतात. शिक्षण हक्क कायद्यान्वये प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. परंतु मुलेच नसतील तर तो नियम कोणासाठी राबवायचा, हा प्रश्न उरतो. शाळा बंद झाली, तर जनरल रजिस्टर शेजारच्या शाळेकडे वर्ग होते आणि ज्या इमारतीत एखाद्याच्या सेवेला आरंभ झाला तिला कुलूप लागते. तिथे परत जाऊन भेटावे असे कोणी राहत नाही.

सुधारणेसाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. चार्जच्या यादीला दोन पानांची एक टिपणी जोडणे सक्तीचे करावे, तिच्यात वर सांगितलेल्या प्रकारची माहिती जाणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावी, आणि मुलांच्या किंवा कुटुंबांच्या खाजगी बाबी तीत न घालता त्या तोंडी सांगाव्यात. बदल्यांच्या वेळापत्रकात जाणारा आणि येणारा यांनी एकत्र शाळेत काढायचा एक दिवस धरावा. आज संगणकीय प्रक्रियेत दोघांची गाठ पडतेच असे नाही, आणि कित्येकदा किल्ल्या शेजारच्या घरात ठेवून चार्ज पुरा होतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर जुन्या शिक्षकाला एका दिवसाची कर्तव्यरजा देऊन मुलांसमोर येण्याची मुभा असावी. या तिन्ही गोष्टींना निधी लागत नाही, फक्त एका परिपत्रकाची गरज आहे, आणि तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर त्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी परिपत्रकावाचूनही होऊ शकतात.

सेवेच्या कागदांत तर पहिले गाव शेवटपर्यंत राहतेच. प्रत्येक कर्मचाऱ्याचे एक सेवापुस्तक असते. त्याच्या पहिल्या पानावर जन्मतारीख, उंची, शरीरावरील ओळखीच्या खुणा आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात, आणि पुढच्या पानांवरील पहिली नोंद पहिल्या नेमणुकीची असते. निवृत्तीवेतनाचे प्रकरण तयार करताना आरंभापासूनच्या सेवेची पडताळणी झाली आहे का, हे पाहिले जाते. सुरुवातीच्या एखाद्या वर्षाच्या पडताळणीवर सही राहून गेलेली असेल, तर अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या तोंडावर आलेल्या शिक्षकाला जुनी वेतनपत्रके शोधण्यासाठी पुन्हा गगनबावड्याच्या पंचायत समितीत यावे लागते. ते काम होईपर्यंत दुपार होते, आणि तेथून पहिली शाळा दूर नसते.